प्रतिमा आणि चाल : सामान्यदाब जलशीर्षाच्या शस्त्रक्रियापूर्व व शस्त्रक्रियोत्तर मेंदूचित्रणाचा इतिहास

प्रस्तावना

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी समाजमनात इतकी रुजली आहे की वृद्धापकाळातील विस्मरणाला निराळे कारण शोधण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. घरातील वडीलधारी व्यक्ती पाय घासत चालू लागली, चार पावलांवर अडखळू लागली, लघवीवरचा तिचा ताबा सुटू लागला आणि बोलण्यातील धागा हरवू लागला, की या साऱ्या गोष्टी वयाच्या खाती जमा केल्या जातात. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत त्यामागे मेंदूचा कायमचा ऱ्हास असतो, हे खरे आहे. परंतु या तीन लक्षणांच्या मागे एक असा विकारही असू शकतो की ज्यात मेंदूतील पाण्याचा निचरा करून दिल्यास रुग्ण पुन्हा चालू लागतो. या विकाराला वैद्यकशास्त्रात 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'सामान्यदाब जलशीर्ष' ही संज्ञा योजिली आहे.

हा विकार १९६५ साली जागतिक वैद्यकविश्वासमोर आला. तेव्हापासून आजतागायत त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी मेंदूच्या चित्रणाचा इतिहास आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूची प्रतिमा काढावयाची, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा काढावयाची आणि दोहोंची तुलना करून उपचाराचे यशापयश ठरवावयाचे, ही कल्पना सकृद्दर्शनी अगदी स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात गेल्या सहा दशकांच्या अनुभवाने या कल्पनेला वारंवार मुरड घातली आहे. ती का व कशी, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा प्रमुख हेतू आहे. हा मागोवा भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द परिसरासारख्या, मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या भागासाठी कोणता अर्थ सांगतो, याचाही विचार शेवटी केला आहे.

मेंदूतील पाणी आणि त्याचा मार्ग

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांना मस्तिष्कविवरे म्हणतात. या विवरांत रक्तापासून एक निर्मळ द्रव सतत तयार होत असतो. हा मस्तिष्क-मेरुद्रव विवरांतून बाहेर पडून मेंदूभोवती व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवती फिरतो आणि अखेर पुन्हा रक्तात शोषला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, तर दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजेच तो दिवसातून तीन-चार वेळा पूर्णपणे बदलला जातो. आवक आणि जावक यांचा मेळ बिघडला की विवरे फुगू लागतात. यालाच जलशीर्ष म्हणतात.

लहान मुलांच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत डोकेच मोठे होते आणि विकार डोळ्यांना दिसतो. अँड्रियस व्हेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकातच अशा एका बालिकेचे वर्णन करून, पाणी कवटी व मेंदू यांच्या दरम्यान नसून मेंदूच्या विवरांत साठले असल्याचे नोंदविले होते. प्रौढांची कवटी मात्र बंद असते. तिच्या आत विवरे फुगली, तरी बाहेरून काहीच कळत नाही. त्यामुळे प्रौढांमधील जलशीर्षाच्या अभ्यासाला जिवंत माणसाच्या मेंदूची आतील आकृती पाहण्याचे साधन हाती येईपर्यंत थांबावे लागले.

हवेच्या साह्याने काढलेली चित्रे

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यांनी कवटीचे हाड स्पष्ट दिसे, परंतु मेंदू आणि त्यातील पाणी यांतील भेद दिसत नसे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यतज्ज्ञ वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली यावर एक धाडसी उपाय शोधला. विवरांतील द्रव काढून त्या जागी हवा भरावयाची. हवा क्ष-किरणांना अडवीत नसल्यामुळे विवरांची आकृती चित्रात उमटते. पुढील वर्षी त्यांनी हीच हवा कंबरेतून, मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत सुई घालून सोडण्याची पद्धत वर्णिली. कंबरेतून द्रव काढण्याची क्रिया हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्येच प्रचारात आणली होती.

हवेच्या साह्याने होणारे हे चित्रण पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर प्रचलित राहिले. ते रुग्णासाठी अतिशय क्लेशदायक होते. तीव्र डोकेदुखी व वांत्या हा त्याचा ठरलेला परिणाम असे. हवा योग्य जागी पोहोचावी म्हणून रुग्णाला खुर्चीला बांधून निरनिराळ्या अंशांत कलते करावे लागे. पुढे लक्षात आले त्याप्रमाणे, सामान्यदाब जलशीर्षाच्या काही रुग्णांची अवस्था या तपासणीनंतर अधिकच बिघडे. शस्त्रक्रियेनंतर केवळ तुलनेसाठी ही तपासणी पुन्हा करणे म्हणूनच सहजासहजी शक्य नव्हते.

याच चित्रांवरून विल्यम इव्हान्स यांनी १९४२ साली एक सोपे मापन सुचविले. विवरांच्या पुढील शिंगांची कमाल रुंदी आणि कवटीची आतील कमाल रुंदी यांचे हे गुणोत्तर आहे. ते ०.३ पेक्षा अधिक असल्यास विवरे वाढली आहेत असे मानतात. 'इव्हान्स निर्देशांक' या नावाने ते आजही सीटी व एमआरआय अहवालांत आढळते. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. विवरे दोन कारणांनी मोठी दिसू शकतात. एक तर त्यांत द्रव साठून ती फुगलेली असतात. किंवा मेंदूचा ऱ्हास होऊन आक्रसलेल्या मेंदूची जागा द्रवाने भरून काढलेली असते. इव्हान्स निर्देशांक पोकळीचे आकारमान सांगतो. ती पोकळी कोणत्या कारणाने मोठी झाली, हे सांगत नाही. या विकाराच्या प्रतिमा-इतिहासातील सारे पेच या एका मर्यादेतून निर्माण झालेले दिसतात.

निचऱ्याची झडप

विवरांतील जादा द्रव शरीरात अन्यत्र वळवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांनी केले. परंतु नळी बुजणे, जंतुसंसर्ग होणे आणि रक्त उलट दिशेने नळीत शिरणे या अडचणींमुळे ते फसत. फ्रँक नल्सन व यूजिन स्पिट्झ यांनी १९४९ साली फिलाडेल्फिया येथे एकाच दिशेने उघडणारी झडप वापरून मेंदूतील द्रव मानेतील शिरेवाटे हृदयाकडे वळवला. या झडपेला टिकाऊ रूप मिळाले ते एका यंत्रकारागिरामुळे. जॉन होल्टर यांचा मुलगा केसी १९५५ मध्ये जन्मजात मणकादोष घेऊन जन्मला व त्याला जलशीर्षही होते. वडिलांनी सिलिकोनचा वापर करून फटीची झडप तयार केली आणि १९५६ पासून ती रुग्णांमध्ये बसविली जाऊ लागली. केसी पुढे १९६१ मध्ये दगावला. झडप मात्र असंख्य मुलांच्या उपयोगी पडली. पुढील काळात हृदयाऐवजी पोटाच्या पोकळीत द्रव सोडण्याची पद्धत अधिक रूढ झाली. आपल्याकडे बोलीत ज्याला 'डोक्यातून पोटात नळी टाकणे' असे म्हणतात, ती हीच शस्त्रक्रिया होय. या नळीला शंट म्हणतात.

बोगोटा १९५७ ते बोस्टन १९६५

चित्रण आणि झडप ही दोन्ही साधने हाती आल्यानंतरही प्रौढांतील हा विकार ओळखला गेला तो योगायोगानेच. कोलंबियातील मेंदूशल्यतज्ज्ञ सालोमोन हकीम यांचा जन्म १९२२ साली बारांकिया शहरातील एका लेबनीजवंशीय कुटुंबात झाला. बोस्टनमधील प्रशिक्षणकाळात मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. ऱ्हासाचे निदान झालेल्या काही मेंदूंमध्ये विवरे अतिशय मोठी असत, परंतु मेंदूचे बाह्यक त्या मानाने झिजलेले नसे. मेंदू झिजला नसेल, तर पोकळी कशामुळे वाढली, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

उत्तर १९५७ मध्ये बोगोटा येथील सान हुआन दे दिओस रुग्णालयात मिळाले. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या १६ वर्षांच्या मुलाच्या डोक्यातील साकळलेले रक्त काढूनही तो अर्धवट शुद्धीतच राहिला. हवेच्या साह्याने काढलेल्या चित्रात विवरे फुगलेली दिसली. कंबरेतून द्रवाचा दाब मोजला, तर तो पाण्याच्या १५० मिलिमीटर स्तंभाइतका, म्हणजे सामान्य भरला. प्रयोगशाळेतील तपासणीसाठी १५ मिलिलिटर द्रव काढून घेण्यात आला. दुसऱ्या दिवशी मुलगा बोलू लागला. काही काळाने अवस्था पूर्ववत झाली. पुन्हा द्रव काढताच पुन्हा सुधारणा झाली. अखेर हकीम यांनी शंट बसवला आणि मुलगा शाळेत जाऊ लागला.

या घटनेकडे इतिहासाच्या दृष्टीने बारकाईने पाहिले पाहिजे. चित्राने विवरे मोठी असल्याचे दाखवले, दाबमापनाने सारे काही सामान्य असल्याचे सांगितले, आणि निर्णय मात्र तिसऱ्याच पुराव्याने झाला. द्रव काढल्यानंतर रुग्णात काय बदल झाला, हा तो पुरावा. हकीम यांनी १९६४ साली बोगोटा येथील हावेरियाना विद्यापीठात या विषयावरील प्रबंध स्पॅनिशमध्ये सादर केला. जुलै १९६५ मध्ये रेमंड ॲडम्स, मिलर फिशर, रॉबर्ट ओजेमन व विल्यम स्वीट या बोस्टनच्या तज्ज्ञांसह त्यांचा तीन रुग्णांवरील निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधाच्या शीर्षकातच या विकाराला उपचारक्षम म्हटले होते. अडखळती चाल, बुद्धीची मंदता आणि लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणत्रयी तेव्हापासून 'हकीम त्रयी' म्हणून ओळखली जाते.

दाब सामान्य असताना विवरे मोठी कशी राहतात? हकीम यांनी पदार्थविज्ञानाचा आधार घेतला. एकूण बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. गोसीखुर्दच्या वाचकाला हे तत्त्व धरणावरून सहज उमगेल. या धरणाला ३३ दरवाजे आहेत. जलाशयाची पातळी तीच असली, तरी समान खोलीवरील रुंद दरवाजावर अरुंद दरवाजापेक्षा अधिक जोर पडतो, कारण पाण्याला टेकायला अधिक पृष्ठभाग मिळतो. त्याचप्रमाणे कोणत्या तरी कारणाने विवरे एकदा रुंदावली, की सामान्य दाबही त्यांच्या विस्तारलेल्या भिंतींवर अधिक बल टाकत राहतो, असे हकीम यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधकांना हे स्पष्टीकरण अपुरे वाटले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर द्रवात उठणारी स्पंदने, रक्तवाहिन्यांची लवचिकता आणि द्रवाचे मंदावलेले शोषण यांचाही विचार त्यांना आवश्यक वाटला. तथापि सामान्य दाब हा विकार नसल्याचा पुरावा ठरत नाही, हा हकीम यांचा मूळ मुद्दा कायम राहिला.

सीटी व एमआरआय : स्पष्ट प्रतिमा, अस्पष्ट निर्णय

१९६५ च्या निबंधानंतर वृद्धांचा बुद्धिभ्रंश बरा होऊ शकतो, या आशेने अनेक देशांत शंट शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढले. सर्वांना सारखा गुण आला नाही. काहींना नळीचे दुष्परिणाम तेवढे भोगावे लागले. साहजिकच शस्त्रक्रियेपूर्वी योग्य रुग्ण निवडण्यासाठी खात्रीशीर प्रतिमेचा शोध सुरू झाला. प्रथम किरणोत्सारी द्रव्य कंबरेतून सोडून त्याचा मेंदूभोवतीचा प्रवास पाहण्याची पद्धत आली. ते द्रव्य विवरांत शिरून तेथेच रेंगाळले, तर जलशीर्ष आहे असे समजले जाई. या निकषावर दोन-अडीच दशके भिस्त ठेवण्यात आली. परंतु १९९० च्या दशकाच्या प्रारंभी झालेल्या काटेकोर पडताळणीत रुग्णनिवडीसाठी त्याचा विशेष उपयोग होत नसल्याचे दिसून आले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. रुग्णाला इजा न करता विवरे दिसू लागली. तीच तपासणी शस्त्रक्रियेनंतर हवी तेव्हा पुन्हा करता येऊ लागली. 'पूर्वीची प्रतिमा व नंतरची प्रतिमा' ही जोडी खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एमआरआयने त्यापुढील पायरी गाठली. विवरांना जोडणाऱ्या अरुंद मार्गातून द्रव वेगाने वाहत असल्यास तेथे काळा ठिपका दिसतो. हे चिन्ह शंटला मिळणाऱ्या प्रतिसादाशी निगडित असल्याचे विल्यम ब्रॅडली व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडले. नंतरच्या सर्व अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला नाही. अधिक टिकाऊ ठरले ते आकृतिबंधावर आधारलेले निकष. समोरून घेतलेल्या छेदात दोन विवरांच्या छपरांमध्ये होणारा कोन ऱ्हासाच्या रुग्णांत रुंद राहतो, तर जलशीर्षाच्या रुग्णांत ९० अंशांहून कमी होतो. जपानमध्ये १०० रुग्णांच्या पाहणीवर आधारलेला व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष याच दिशेचा होता. मेंदूच्या माथ्यावरील वळ्यांमधील फटी दाबून मिटलेल्या आणि खालच्या बाजूच्या फटी मात्र रुंदावलेल्या, असे विषम चित्र त्यात वर्णिले आहे. झिजलेल्या मेंदूत वरच्या व खालच्या फटी सारख्याच रुंदावतात. त्यामुळे फुगलेली पोकळी व झिजेमुळे झालेली पोकळी यांतील भेद करण्यास या चित्राने मोठे साहाय्य केले.

असे असले तरी प्रतिमेवर एकट्याने निर्णय सोपवणे धोक्याचे आहे, हे स्वीडनमधील लोकसंख्याधारित पाहणीने दाखवून दिले. २०१४ च्या निष्कर्षांनुसार ७० ते ७९ या वयोगटात या विकाराची शक्यता ०.२ टक्के, तर ८० वर्षांवरील गटात ५.९ टक्के व्यक्तींमध्ये आढळली. म्हणजे अतिवृद्धांमध्ये हा विकार समजला जातो तितका दुर्मीळ नाही. परंतु त्याच लोकसमूहाच्या पुढील मापनात सुमारे एक पंचमांश वृद्धांचा इव्हान्स निर्देशांक ०.३ च्या वर निघाला. 'विवरे मोठी आहेत' एवढ्या अहवालावरून शस्त्रक्रिया ठरवली, तर कितीतरी जणांवर ती विनाकारण होईल. उलट विस्मरणाला वय हेच कारण मानून अहवालच मागवला नाही, तर बरे होऊ शकणारे रुग्ण अंथरुणाला खिळतील. दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत.

शस्त्रक्रियेनंतरची प्रतिमा काय सांगते?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली असता विवरे लहान होतील, अशी अपेक्षा सामान्य माणसाचीच नव्हे, तर आरंभी वैद्यांचीही होती. लहान मुलांच्या जलशीर्षात बहुधा तसे घडते. वृद्धांच्या सामान्यदाब जलशीर्षात मात्र रुग्ण काठीशिवाय चालू लागला तरी विवरांचा आकार अल्पसाच घटतो आणि काही वेळा डोळ्यांना फरकच जाणवत नाही. विवरे आक्रसली तरी चालीत सुधारणा झाली नाही, असेही रुग्ण आढळतात. विवरांचे आकारमान संगणकाने मोजणाऱ्या नव्या पद्धतींत सूक्ष्म घट टिपता येते. वर उल्लेखिलेला कोन शंटनंतर काहीसा रुंदावतो, हेही दिसते. तथापि या मापांचा रुग्णाच्या सुधारणेशी असलेला संबंध सैल आहे.

मग शस्त्रक्रियेनंतर प्रतिमा काढण्याचे प्रयोजन काय? ते तीन प्रकारचे आहे. पहिले, नळीचे टोक योग्य जागी आहे की नाही, हे पाहणे. दुसरे, द्रव गरजेपेक्षा अधिक वाहून गेल्यास मेंदू आतल्या बाजूला सरकतो आणि कवटीखालील बारीक शिरा ताणल्या जाऊन तेथे पाणी अथवा रक्त साठते. हा धोका वेळीच ओळखणे. तिसरे, काही काळाने प्रकृती पुन्हा ढासळल्यास तुलनेसाठी आधार उपलब्ध ठेवणे. रुग्णाला गुण आला किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर या यादीत नाही.

अतिनिचऱ्याच्या धोक्यामुळेच बाहेरून चुंबकाच्या साह्याने दाब बदलता येणारी झडप पुढे आली. हकीम व त्यांचे अभियंता पुत्र कार्लोस यांचा तिच्या विकासात मोठा वाटा आहे. पाण्याच्या ३० ते २०० मिलिमीटर स्तंभाइतक्या दाबादरम्यान ती १८ टप्प्यांत बदलता येते. प्रतिमाशास्त्राशी तिचे नातेही मजेदार आहे. एमआरआय यंत्राच्या प्रबळ चुंबकामुळे अशा काही झडपांची योजलेली पातळी बदलू शकते. म्हणून त्या तपासणीनंतर झडपेची पातळी पुन्हा पडताळावी लागते. तपासणीच उपचारात ढवळाढवळ करते, असा हा प्रसंग होय.

या झडपेमुळेच २०२५ साली एक महत्त्वाची चाचणी शक्य झाली. तिचे निष्कर्ष त्याच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. ९९ रुग्णांना शंट बसवण्यात आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निम्म्यांची झडप वाहती ठेवली, तर उरलेल्यांची जवळजवळ बंद ठेवली. कोणाची झडप कशी आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनंतर वाहत्या झडपेच्या गटाचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला. दुसऱ्या गटाचा केवळ ०.०३ मीटरने. शंटचा लाभ हा केवळ मनाचा खेळ नाही, हे यातून सिद्ध झाले. स्मृती व लघवीवरील ताबा यांत तीन महिन्यांत तेवढा फरक दिसला नाही, आणि वाहत्या झडपेच्या गटात कवटीखाली रक्त साठण्याचे प्रमाण अधिक होते, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की सीटी व एमआरआय हाताशी असतानाही संशोधकांनी यशाचा मुख्य मापदंड म्हणून चालण्याचा वेगच निवडला.

भारतीय संदर्भ

स्वातंत्र्यानंतर जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे व बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये मद्रास येथे मेंदूशल्यचिकित्सेचा पाया घातला. मुंबईत १९५० च्या दशकात राम गिंडे व होमी दस्तूर यांनी ही शाखा उभी केली, तर एडी भरुचा व नोशिर वाडिया यांनी मज्जातंतुविकारशास्त्राची परंपरा निर्माण केली. सीटी यंत्र येईपर्यंत आपल्याकडील केंद्रांतही हवेने काढलेली चित्रे व रक्तवाहिन्यांची चित्रे हीच साधने होती. नेमक्या याच कारणामुळे त्या पिढीतील वैद्यांनी रुग्णाची हकिकत ऐकणे व त्याची चाल पाहणे या कौशल्यांना असाधारण महत्त्व दिले.

झडपेच्या बाबतीत भारताचे योगदान स्वतंत्र आहे. आयात झडपा सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालशल्यतज्ज्ञ पी. उपाध्याय यांनी देशी शंट तयार केला. पुढे उत्तर प्रदेशातील मेंदूशल्यतज्ज्ञ डी. के. छाब्रा यांच्या नावाचा शंट शाहजहांपूर येथे तयार होऊ लागला. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील १९५ बालकांवर केलेली तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३५ डॉलर किमतीचा छाब्रा शंट आणि सुमारे ६५० डॉलर किमतीचा विदेशी शंट यांच्या वर्षभरातील परिणामांत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. हा अभ्यास बालकांपुरता होता आणि देशी शंटचा दाब बाहेरून बदलता येत नाही, या मर्यादा ध्यानात ठेवूनही, त्याचे सामाजिक मोल मोठे आहे.

गोसीखुर्द परिसर आणि या इतिहासाचा बोध

पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या प्रकल्पाने अनेक गावे नव्या जागी हलवली. गाव, शेत व शेजार सुटलेल्या वृद्धाचे गप्प होणे, घरात बसून राहणे, चालणे मंदावणे या गोष्टींना दुःख हे कारण सहज जोडले जाते आणि अनेकदा ते खरेही असते. परंतु अशा वातावरणात उपचारक्षम आजार झाकला जाण्याची शक्यताही वाढते.

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. येथील रुग्णाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी प्रायः नागपूर गाठावे लागते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून विदर्भाचा आधार आहे. भंडारा येथेही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली. सीटी स्कॅनची सोय आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही. उणीव आहे ती योग्य रुग्णाला त्या सोयीकडे पाठवणाऱ्या नजरेची.

हकीम यांच्या १५ मिलिलिटरचे नियमबद्ध रूप म्हणजे आजची द्रवनिचरा चाचणी. कंबरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढतात आणि त्यापूर्वी व त्यानंतर रुग्णाला ठरावीक अंतर चालवून वेळ व पावले मोजतात. 'पाठीतून पाणी काढले की पाय जातात' ही भीती आपल्या भागात खोलवर आहे. या विकारात तर पाणी काढल्यावर पाय मोकळे होतात, हे समजावून सांगण्याचे काम शिक्षित वर्गाने करावयास हवे. चाचणीत सुधारणा दिसली नाही म्हणून शंटचा उपयोग होणारच नाही, असेही मात्र म्हणता येत नाही. दोन्ही वेळच्या चालीचे साध्या भ्रमणध्वनीवर केलेले चित्रण तज्ज्ञाला अतिशय उपयुक्त ठरते. तेही एका अर्थाने 'पूर्वीची व नंतरची प्रतिमा'च आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सामान्यदाब जलशीर्षाचा शोध प्रतिमेने सूचित केला, परंतु द्रव काढल्यानंतर रुग्णात झालेल्या बदलाने तो सिद्ध केला. १९५७ चा हा क्रम २०२५ च्या चाचणीतही कायम आहे.

२. शस्त्रक्रियेपूर्वीची प्रतिमा संशय बळकट करते व अन्य विकार वगळण्यास मदत करते. केवळ विवरांच्या आकारावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य ठरत नाही.

३. शस्त्रक्रियेनंतरची प्रतिमा नळीची स्थिती व उपद्रव दाखवते. विवरे पूर्वीइतकीच दिसली म्हणून कुटुंबीयांनी शस्त्रक्रिया वाया गेली असे मानू नये, आणि ती लहान झाली म्हणून निश्चिंतही राहू नये.

४. चाल, स्मृती व लघवीवरील ताबा यांत काही महिन्यांत एकत्रितपणे बिघाड झाल्यास, आणि विशेषतः चालीतील बिघाड प्रथम आला असल्यास, ते वयाच्या खाती न टाकता तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

तंत्रज्ञानाच्या प्रत्येक नव्या टप्प्यावर आता प्रतिमाच अंतिम निर्णय देईल, अशी अपेक्षा निर्माण झाली आणि प्रत्येक वेळी वैद्याला पुन्हा रुग्णाच्या पावलांकडे वळावे लागले. मोठी यंत्रे दूर असलेल्या भागासाठी हा इतिहास निराश करणारा नाही. निदानाची पहिली पायरी घरातील माणसांच्या व गावातील डॉक्टरांच्या हातात आहे, एवढे तो निश्चितपणे सांगतो.